न कापलेला बोरू

वाइके म्हणजे तिच्या एस्टोनियन बोलीत शांत.
लग्नात पाद्रीसुद्धा हसला होता म्हणे,
कारण एल्मार तिच्याहून मुका.
घर खाडीच्या तोंडाशी,
आणि दारापासून कोसभर नुसता बोरू.

फेब्रुवारीत खाडी गोठली की
एल्मार बर्फावर यंत्र घालायचा.
छपरांसाठी पेंढ्या: पिवळ्या, खडखडीत, पुरुषभर उंच.
सगळं कापायचा,
ओढ्याकडचा एक तुकडा सोडून.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
तिनं विचारलं नाही.

मेच्या मध्यावर, दक्षिणेचा वारा पडला की
त्याच तुकड्यातून वटवट सुरू.
कर्र कर्र, चिर्र चिर्र, मध्येच दुसऱ्याच कुणाची नक्कल,
जणू आफ्रिकेतल्या सगळ्या हिवाळ्याचा हिशेब
उजाडायच्या आत तोंडपाठ म्हणून टाकायचाय.
बोटभर वटवट्या. मातकट. धड दिसतही नाही.
वाइके उशी कानावर ओढायची.
एल्मार उठून खिडकी उघडायचा.

यंदा कापायला जावई आला, माडिस.
"आई, तो तुकडाही घेऊ? शंभर पेंढ्या सहज निघतील."
छप्पर तर तिचंच गळत होतं, उत्तरेकडून.

ती काठी टेकत बर्फावरून गेली,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा आत शिरली.
गेल्या सालचं घरटं. चार काड्यांना विणून बांधलेलं,
वाटीहून खोल,
आत बोरूच्याच तुऱ्याचा कापूस
आणि चमचाभर बर्फ.
मेमधल्या हिरव्या कोंबाला हा भार पेलत नाही.
जुनी काडी लागते, गेल्या वर्षीची,
मेलेली
आणि तरी उभी.

तिनं बोट घालून बर्फ काढला. कशासाठी, कुणास ठाऊक.
माडिसला म्हणाली, "उत्तरेला पत्रा ठोक."
एवढंच.

आता पाऊस आला की पत्रा ताडताड वाजतो,
शेजारची लिंडा म्हणते, काय हे ठिगळ.

सतरा मे गेली, अठरा गेली.
एकोणिसाव्या रात्री वाइके खिडकीशी बसली,
एल्मारचा कोट अंगात,
बाह्या बोटांच्या पुढे लोंबणाऱ्या.
खाडीकडून काही नाही. एक बेडूक.
लांब कुठल्याशा जहाजाचा भोंगा.
कॉफी निवली.

मग, कुणी घसा खाकरावा
तसं, एकदा.
थांबून
परत.

वाइके मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या खोलीत,
"हं. बोल."