उशीला सुट्टी

आमच्या घरात उशी एकच,
आणि ती कधी थंड होत नाही.
निलाक्षी सायनहून रात्रपाळी करून सव्वाआठला येते,
तोवर मी वडाळा डेपोला निघालेलो असतो,
माझ्या डोक्याचा खळगा तिच्यासाठी तसाच ठेवून.
संध्याकाळी मी येतो.
माझ्या खोबरेलाच्या डागावर
तिच्या केसांतला स्पिरिटचा वास बसलेला असतो.
चार वर्षं आम्ही असे भेटतो,
दीड फुटाच्या जागेत, पाळीपाळीनं.

(दुसरी होती, फायबरची, लग्नात आलेली.
धुतली आणि तिचे गोळे झाले.
कपाटावर सुटकेसमागे पडून आहे.)

आज गुरुवार. माझी सुट्टी, तिचाही नाइट ऑफ.
ती दुमडलेली चादर उशाला घेऊन झोपली.
सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं:
सावरीला पाणी दाखवू नका, ऊन दाखवा.
भिजली की रुसते, गोळा होऊन बसते,
मग कितीही मनवा, फुलत नाही.
अभ्रा मात्र हवा तेवढा बडवा.

अभ्रा बादलीत. कोमट पाणी, चमचाभर सोडा.
पाण्याला हळूहळू चहाचा रंग आला.
लाळेचे नकाशे होते त्यावर, तेलाची बेटं;
कुठला मुलूख माझा, कुठला तिचा,
घासताना ओळखू येईना.

गच्चीची किल्ली चुरीकाकांकडे.
वही पुढे केली. तारीख, खोली नंबर,
कारण: उशी.
काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सही करा."

कन्नमवार नगरच्या गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन.
खाडीकडून वारा, म्हणून कापूस
जुन्या मच्छरदाणीत भरला, तोंड बांधलं,
टाकीच्या सावलीत बसून काठीनं थोपटत राहिलो,
दर तासाला उलटा करत.
दोरीवरचा अभ्रा ठिबकत होता.
शाळेत अभ्र म्हणजे ढग असं शिकवलेलं,
ते आत्ता कुठे पटलं.

मच्छरदाणीत हात घातला तर बोटाला खडा लागला.
खडा नव्हता. बी. काळी, मिरीएवढी.
मग आणखी एक.
चिमटीनं चाचपत गेलो, अकरा निघाल्या.

चार वर्षं डाव्या कुशीला वळलो
की कानाशी बारीक टकटक व्हायची.
मी समजायचो रक्तदाब.
डेपोच्या डॉक्टरला दाखवलं होतं,
मीठ कमी केलं होतं.

चारच्या सुमाराला निलाक्षी चहा घेऊन वर आली,
केस सुटे, गालावर चादरीच्या घड्या.
बशीतल्या बिया बघून तशीच उभी राहिली.
"बाबांना तेव्हा मोतीबिंदू उतरत होता," म्हणाली.
"अंगणात बसून बोंडं सोलायचे.
म्हटलं, द्या, मी निवडते.
तर म्हणे, राहू दे, एकही सुटत नाही माझ्या हातून."
चहा पिताना मग आम्ही
हायवेवरच्या गाड्या बघत बसलो.

उन्हं उतरता उतरता कापूस भरला.
शिवण तिनंच घातली, पांढरा दोरा दुहेरी करून.
चार बोटं फट उरली तेव्हा थांबली,
बशीतल्या दोन बिया उचलल्या
आणि आत सोडल्या.
मी किल्ली शोधायचं निमित्त केलं.
उरलेल्या नऊ
बटणांच्या डबीत गेल्या.

रात्री उशी तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी,
गरम, टम्म, पहिल्यापेक्षा दुप्पट उंच.
तिच्यावर कुणाचाच खळगा नव्हता.
"तू घे."
"नको, मान दुखते तुझी. तूच घे."
असं करत ती बराच वेळ
दोघांच्या मध्ये पडून राहिली, नवख्या पाहुण्यासारखी.

शेवटी काय ठरलं ते आठवत नाही.
दिवा मालवल्यावर, बऱ्याच उशिरा,
अंधारात ती एकदम हसली.
तिच्या कानाशी लागलं असावं.