शून्य ते एकशे सत्तावीस

इडवाल प्रोथेरोने दार उघडलं तेव्हाच त्याला दम लागलेला.
जिना नाही, काही नाही. खुर्चीपासून दारापर्यंतची
नऊ पावलं.
"डबा मुका आहे," म्हणाला, "की मी, ते तू सांग."

टेबलावर हातभर काळी काठी, बटणांची;
मुलीने स्वॉन्सीहून पाठवलेली, सत्तरीची भेट.
पितळ नाही, लाकूड नाही,
आत फक्त फुंकर मोजणारा एक कान.
शेजारी जुना साउंड मॉड्यूल,
खाणकामगारांचा क्लब बंद पडला तेव्हा
आठ पौंडांना उचललेला. अजून बिअरचा वास होता त्याला.
आणि मधे पाच टाचण्यांची केबल:
एक टोक इनमध्ये,
दुसरंही इनमध्ये.
दोन्ही घरं आग्रह करतायत, या, बसा,
आणि निघालंय कुणीच नाही.

मी हसले, पण केबलकडे बघत.
याचं आउट त्याच्या इनमध्ये, म्हटलं.
"एवढंच?"
एवढंच कधीच नसतं.

पहिल्या फुंकरीला झांज वाजली.
दुसरीला ढोल. कुत्री टेबलाखाली.
काठी बोलत होती दहाव्या चॅनलवर,
जिथे डब्याने सगळे ताशेवाले बसवलेत.
काठीला पहिल्यावर आणली, आणि मग
आला एक कॉर्नेट, सपाट, ठणठणीत,
हळू फुंका, जोरात फुंका, उत्तर तेच,
पेन्शनच्या कचेरीसारखं.

श्वास दोन नंबरच्या दारावर टकटक करत होता,
आणि डबा दार उघडतो सात नंबरचं.
हे मॅन्युअलमध्ये असतं, पान चौऱ्याण्णव, बारीक अक्षरात.
मी त्याला हाताला धरून सातव्या दाराशी नेलं.

मग स्वर वाढला. मग ओसरला.
मेरियलने स्वयंपाकघरात नळ बंद केला.

पडद्यावर आकडा दिसतो, शून्य ते एकशे सत्तावीस.
इडवालचा चढला अडतीसपर्यंत,
एकदा, डोळे मिटून, एक्केचाळीस.
"दवाखान्यातली नळी पण हेच करते," तो म्हणाला,
"फुंक म्हणते, अजून, अजून, अजून,
आणि एक कागद देते. सूर काही देत नाही."
एकतीस वर्षं खाली, कोळशाच्या थरात;
शनिवारी वर, बँडमध्ये पहिला कॉर्नेट.
तो कॉर्नेट भिंतीवर आहे. मेरियल पुसते अजून.
छातीत जे साठलंय ते पुसता येत नाही.

एक स्क्रू असतो, बारीक, काठीच्या पाठीला.
संवेदनशीलता. मी पाव फेरा दिला,
अजून पाव.
आता त्याचे एक्केचाळीस
पडद्यावर एकशे सत्तावीस झाले.
खोली भरली. खिडकीची काच थरथरली,
समोरच्या घरात कुणीतरी पडदा सरकवला.

तो थांबला. नळीच्या टोकाशी वाफेचा थेंब
लोंबत राहिला, मग गालिच्यावर पडला.
"ही लबाडी झाली ना?"

मी म्हटलं, पूर्ण म्हणजे किती, हे कुणीतरी ठरवावंच लागतं.
कारखान्यात कुणा धडधाकट माणसाने ठरवलं होतं.
आज तुम्ही ठरवा.

तो बराच वेळ स्क्रूकडे बघत बसला.
दमाने. मलाही घाई नव्हती,
व्हॅन चॅपलपाशी लावलेली, पार्किंग फुकट.
"थोडं परत फिरव," म्हणाला शेवटी.
"अगदीच धाप लागली नाही
तर वाजवलं असं वाटत नाही."

मी फिरवला, नखाएवढा.
एकशे नऊ.
अठराची जागा वर मोकळी राहिली.

केबलचे पैसे घ्यायचे विसरले, हे
डोंगर उतरताना लक्षात आलं.
काच खाली करून ऐकलं थोडं.
तो मोठा स्वर शोधत होता
आणि मधे मधे, साफ ऐकू यावा असा,
श्वास घेत होता.