तरसाची वाट

हरारच्या तटाला खाली भोकं आहेत,
वासरू आत शिरेल एवढी.
पावसाचं पाणी जायला, असं गवंडी सांगतो.
तरसं यायला, असं अबाय नेजात सांगते,
आणि वर्गाला अबायचंच पटतं.

आज दुष्काळाची गोष्ट.
"विहिरींचे तळ दिसले, शेरडं संपली,
भुकेली तरसं माणसांवर येऊ लागली.
डोंगरावरच्या म्हाताऱ्यांनी काय केलं असेल?"
"बंदूक!" रिदवान ओरडतो.
"तेव्हा बंदूक नव्हती."
"मग दगड."
"दगड होते.
पण त्यांनी चूल पेटवली,
लापशी शिजवली, मधोमध आळं केलं,
आळ्यात लोणी सोडलं,
आणि वेशीबाहेर ठेवून आले."

"मग आपल्याला किती उरली?"
मुफीदाला हिशेब लागतो.
अबाय अडखळते.
तिला सांगणाऱ्यांनी हे सांगितलंच नव्हतं.
"त्या रात्री," ती म्हणते,
"मुलं पातेलं खरवडून निजली."

कुणी बोलत नाही.
एक तीळ सात जणांत, म्हणायला सोपं;
तेफचा दाणा तर तिळाहून बारीक.

"आणि मग आला वराबा..."
दाराशी, चपला मांडीवर घेऊन बसलेला
ओब्सा मान वर करतो.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
"वराबेस्सा," तो पुटपुटतो.
त्याच्या गावी तरसाला असं म्हणतात.
त्याच्या गावी आता शेरडं नाहीत.

"शब्दाला शेपूट आहे!" मुफीदा खिदळते,
आणि सगळा वर्ग
ते शेपूट ओढून पाहतो:
वराबेस्सा, वराबेस्सा.
ओब्सा दोनदा उच्चार सुधारतो.
नीट जमेपर्यंत सोडत नाही.

मधल्या सुट्टीत रिदवान डबा उघडतो,
पाव मोडतो, दोन्ही तुकडे तोलतो,
लहान पुढे करतो.
"मधाची बाजू माझी," बजावतो.
अबाय खिडकीबाहेर बघते.
उद्याचं उद्या.

ओब्सा तटापलीकडे राहतो.
वेशीवरून लांब पडतं,
म्हणून तो तरसाच्या वाटेनं
रांगत घरी जातो.
हे कुणाला ठाऊक नव्हतं;
मुफीदानं पाहिलं.

सकाळी हजेरी घेताना
अबायच्या लक्षात येतं:
सगळ्यांचे गुडघे मातीनं माखलेत.
रिदवानचेसुद्धा,
ज्याचं घर शाळेसमोरच आहे.