बारावं नाव

नवतपा संपला, तरी ऑफिसातला कूलर
वाळ्याचा वास न देता नुसती हवा ढकलतो.
मी खिडकी क्रमांक तीन : प्रवेश, रद्द प्रवेश, परतावा.
एक आणि दोन बंद करून तिथं
जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेत.

ब्याण्णव साली मी इथं लागलो तेव्हा
रांग फाटकाबाहेर निघून पानठेल्याला वळसा घालायची.
कुहीहून, रामटेकहून पहाटेच्या एसटीनं पोरं यायची,
पोरगं पाणी प्यायला गेलं की बाप जागा धरून ठेवायचा.
खिडकीची जाळी तेव्हाच्या हातांनी गुळगुळीत झाली.
तीच आहे अजून.

धकाते सर संख्याशास्त्राचे.
दर जूनमध्ये माझं रजिस्टर मागून नेतात,
आलेखाच्या कागदावर यंदाचा ठिपका ठेवतात.
एकशे चाळीस. अठ्ठ्याण्णव. एकसष्ट. सव्वीस. नऊ.
"पाहा बोकडे, उतार किती सुबक आहे," म्हणाले एकदा,
"शिकवायला असं उदाहरण मिळत नाही.
म्हणजे उदाहरण मिळालं. पोट्टे मिळत नाहीत."
यंदा वरून पत्र आलंय : बारा असतील तर विषय राहील.
बारा. शाळेच्या एका ऑटोत कोंबतात तेवढे.

भर मे महिन्यात सर डोक्याला दुपट्टा गुंडाळून
ॲक्टिव्हावर घरोघर फिरले, मौदा, पारशिवनी, कळमेश्वर.
लोक आधी पाणी द्यायचे, मग विचारायचे, "याचं पॅकेज किती?"
एका बाईनं कूलरवाला समजून आत घेतलं.
सरांनी पंप दुरुस्त केला,
माहितीपत्रक कूलरवर ठेवून आले.
पंधरा दिवसांनी फोन आला तिचा.
पंप पुन्हा बंद पडला होता.

हिंगणा रोडच्या कॉलेजांत बस फुकट, वर लॅपटॉप.
नव्या शाखांची नावं फलकात मावत नाहीत,
आणि मागच्या इमारतीत म्हणे
बाकांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
माझा ऋत्विज पुण्याला गेला.
बँकेचा माणूस इथंच आला होता,
कर्जाच्या कागदावर मी सही केली
खिडकीला दोरीनं बांधलेल्या पेनानं.
सरांना सांगायला मला दोन आठवडे लागले.
"बरं केलं," म्हणाले, आणि रजिस्टर मागितलं.

आज शेवटच्या फेरीचा शेवटचा दिवस. नावं अकरा.
साडेचारला एक मुलगी आली,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत टीसी, गुणपत्रिका,
आणि वैधता प्रमाणपत्राऐवजी
अर्ज केल्याची पावती, घडीवर झिजलेली.
"काका, इथं लाइन काऊन नाही?"
"सकाळीच होऊन गेली."
तिनं वळून व्हरांडा पाहिला, त्यात झोपलेलं कुत्रं पाहिलं,
आणि मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवली.

"संख्याशास्त्रात काय असते?"
तीसेक वर्षं हा शब्द मी फीच्या रकान्यात लिहितोय.
म्हणालो, "मोजणं असते बेटा. आले ते,
आणि येणार होते ते."
"मोजता येते मले. बाबाच्या मागावरचे धागे मीच मोजत होती."
मग जरा थांबून :
दुसरीकडंही नाव लागून आहे, उद्या कळते,
"तोवर जागा धरून ठेवता का?"

फी भरल्याशिवाय नोंद नाही, हा नियम
माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलाय.
मी दोरीचा पेन बाजूला सारला
आणि बाराव्या ओळीत पेन्सिलीनं लिहिलं, हेडाऊ पायल,
इतकं फिकट, की खोडलं तर कागदालाही कळू नये.

पाच वाजता सर आले.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बोट वरून खाली आणलं.
बाराव्या ओळीवर ते बराच वेळ थांबलं.
खिशातला आलेख त्यांनी काढला नाही.
"कूलर बंद करू का?" मी विचारलं.
"राहू द्या," म्हणाले,
आणि कोणी यायचं असल्यासारखे
खिडकीच्या आतल्या बाजूला स्टूल ओढून बसले.