मालमत्ता क्रमांक ४/२१७

अर्जावर दहाचं तिकीट चिकटवायला डिंक नव्हता.
खिडकीतल्या मुजीबभाईंनी स्वतःचा डबा उघडला,
म्हणाले, सिस्टर, दोन शितं घ्या, घट्ट बसतंय.
उदगीर नगरपालिका, कर विभाग, मंगळवार,
रात्रपाळी अजून डोळ्यांतून उतरायची होती.

उतारा कशासाठी, असं फॉर्मात विचारलंय.
'खरेदीपूर्वी माहितीसाठी' लिहिलं.
जागा थोडी होती, नाहीतर लिहिलं असतं,
एकोणीस वर्षांत भाड्याची पाच घरं,
पाचही घरांत खिळा ठोकायच्या आधी विचारलं.

आठ दिवसांनी या.
आठ दिवसांनी सर्व्हर बंद.
अकराव्या दिवशी कागद हातात आला,
प्रिंटरमधून निघालेला, गरम,
नुकतं जन्मलेलं काहीतरी धरावं तसा मी दोन्ही हातांनी धरला.

मालक : माणिकअप्पा गुरुअप्पा कोरे.
भोगवटादार : स्वतः.
बांधकाम दगड-मातीचं, वर पत्रे.
पूर्वेस बोळ, पश्चिमेस नागनाथ कासार यांचं घर,
दक्षिणेस रस्ता,
उत्तरेस चिंच.
ती चिंच माझ्या जन्माआधीच तोडली म्हणे,
कागदावर अजून हद्द राखून उभी आहे.
थकबाकी : निरंक.
इतका स्वच्छ शब्द मी कुठल्या केसपेपरवर पाहिला नव्हता.

मग शेवटचा रकाना. शेरा.
मंजूर विकास योजनेनुसार दक्षिणेकडील सात फूट
रस्तारुंदीकरणात बाधित.

बाधित.
हा शब्द मला आमच्या वॉर्डातलाच वाटायचा.

अप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.
कागद दिला. चष्म्याला हात न लावता त्यांनी तो परत केला.
"तुमीच वाचा."
वाचला.
"कदी झालं हे?"
"तेरा वर्षं झाली. तारीख आहे खाली."
"मला कुणी सांगितलं नाही की."
दोन शेंगा फोडल्या, खाल्ल्या नाहीत.
"मी बी कदी विचारलं नाही म्हणा."

तेरा वर्षं.
मधे पत्रे बदलले, ओट्याला फरशी बसली,
धाकट्या पोरीच्या लग्नाचा मांडव इथंच पडला,
आणि सात फुटांनी कुणाकडं तोंड उघडलं नाही.

टेप नव्हता घरात. अप्पा काठी घेऊन उठले.
गटारीच्या कडेपासून दोन काठ्या,
एक वीत, चार बोटं.
पायरी गेली.
ओटा गेला.
उंबरा गेला, अप्पा वाकलेलेच आत गेले,
काठीचं टोक टेकलं तिथं काकू ज्वारी निवडत होत्या.
"सुपासकट सरकू का?" म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मग तिघंही हसलो.

"किती कमी करलालाव मग, सिस्टर?"
रुंदी वीस, सात विसा एकशेचाळीस चौरस फूट,
ऑटोत बसूनच हिशेब केला होता मी,
आकडा जिभेवर होता, त्यावर शेंगदाणा ठेवला.
म्हटलं, आधी आणखी एक अर्ज करते,
नगररचना विभागात. रस्ता कधी होणार ते लेखी घेते.
"लेखी घ्या," अप्पा म्हणाले, "पण तेरा वर्षं आला नाही तो.
कुठंतरी भाड्यानं ऱ्हात असल बिचारा."

ते मला लागलं की नाही, अजून ठरवलेलं नाही.

ऊन ओट्यावरून अर्धं खाली उतरलं होतं.
काकूंनी चहा बाहेर आणून ठेवला.
कागद मी चौघडी करून पर्समध्ये घातला,
घडीची रेघ नेमकी शेऱ्यावरून गेली.
त्या कागदाप्रमाणे आम्ही तिघं
भर रस्त्यात बसून चहा पीत होतो,
आणि खरंच, एक स्कूटरवाला
हॉर्न वाजवत गेला.