विषय क्रमांक सात

टुफ्तेविकच्या जुन्या पालिका कचेरीची किल्ली
आता माझ्याकडे असते.
कचेरी म्हणजे एक खोली, धक्क्याच्या वर.
खाली मिठाची पिंपं असायची, म्हणून
इतिवृत्ताच्या वह्यांना अजून हेरिंगचा वास येतो.

पहिली वही अठराशे अडुसष्टची.
लिहिणारा शाळामास्तर इंगेब्रिक्त, अक्षर टपोरं.
सभासद नऊ, हजर पाच,
बाकीचे मासळीमागे.
यंदा हेरिंग इतकं की पाण्यात वल्हं उभं राहतं,
असं तो लिहितो, आणि लगेच खाली :
ही अतिशयोक्ती सभेने अमान्य केली.

मग हेरिंग गेलं.
मासा काही ठराव करून जात नाही.
त्यानंतरच्या पानांवर नुसती माणसं :
ओलुफ्फा आणि तिची चार मुलं, अमेरिकेला.
वरच्या वाडीचा शुर, अमेरिकेला,
तिकीट गरीब-निधीतून मंजूर,
वर्षभर पोसण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून.
म्हाताऱ्या रान्डीला कुठे ठेवायचं, यावर तीन सभा.
शेवटी घरटी दोन आठवडे,
बटाटे ज्याचे त्याने घालावेत.

एकोणीसशे सहा, फेब्रुवारी. एक पान कोरं.
डोंगरावरून बर्फ सुटलं त्या रात्रीचं.
शाई गोठली होती, असं म्हणतात.
मला नाही तसं वाटत.
पुढच्या पानावर अकरा पेट्यांचं लाकूड, दर, पोच.

युद्धात जर्मनांनी जमा केलेल्या रेडिओंची यादी आहे.
चौदा.
गावात सतरा होते.

आणि मग डिसेंबर त्रेसष्टचा तो मंगळवार.
सूर्य नोव्हेंबरातच कड्यामागे गेलेला,
दुपारी दोनलाच दिवे लागलेले.
लिहायला माझी मावशी, गुडलॉग.
एक जानेवारीपासून आपण फ्योर्डपलीकडच्या पालिकेत विलीन,
पत्र वाचून झालं, कुणी काही बोललं नाही.
शिक्का, नकाशे, बाकं होडीने पाठवावीत : मंजूर.
शाळेची शेगडी : मंजूर.
सहा विषय पाऊण तासात उरकले.
सातवा, चर्चच्या वाटेवरचं मोडकं फाटक.
यावर आरेंट आणि बोटॉल्फ
रात्री दहापर्यंत भांडले.
मेंढ्या तुझ्या.
फाटक पालिकेचं.
पालिका आहे कुठे उद्या?
शेवटी मावशीनं लिहिलं :
विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
आणि सवयीनं पुढच्या सभेची तारीखही घातली.

आता डोंगरातून बोगदा आहे, बोट थांबत नाही.
हिवाळ्यात अकरा घरांत दिवा दिसतो.
उन्हाळ्यात मोठी जहाजं जातात,
त्यांवरची माणसं हात हलवतात,
आम्हीही हलवतो, न हलवणं बरं दिसत नाही.

फाटक नायलॉनच्या दोरीने बांधलेलं आहे.
मार्चमध्ये बोटॉल्फला नेलं तेव्हा
ते उचलून बाजूला, बर्फात ठेवलं.
परतताना पुन्हा लावलं.
आरेंटचा नातू गाठ मारत होता,
मी फळी धरली.
मेंढ्या आमच्याकडे बघत उभ्या होत्या.

वहीत अजून सहा पानं कोरी आहेत.