सहा म्हणजे शून्य

सकाळी साडेसातला इन्क्युबेटर उघडतो.
रात्रभर आत काय उगवलं ते आधी नाकाला कळतं,
मग डोळ्यांना.
बशीत पेजेच्या रंगाचं अगर,
त्यावर औषधांच्या कागदी टिकल्या.
औषध लागू पडलं, तर टिकलीभोवती
मोकळं अंगण राहतं, नुकतंच कुणी झाडल्यासारखं.
नाही पडलं, तर जंतू
थेट उंबऱ्याला येऊन टेकतात.

मी पट्टी लावतो. वहीत लिहितो : सहा.
टिकलीचीच रुंदी सहा मिलिमीटर,
म्हणून आमच्या खात्यात
सहा म्हणजे शून्य.
त्या वर्षी मी सहा फार लिहिले.

दत्ताराम खवळे, खाट चौदा.
त्यांची मुलगी सुगंधा खिडकीशी यायची,
जिथे आम्ही नमुने घेतो तिथे.
"बाबा मोरीत पडले, नुसतं हाड मोडलेलं.
मग हा आला कुठून?"
फाइलीत तीन रुग्णालयांचे तीन शिक्के,
घाटकोपर, मुलुंड, मग आमचं परळ.
दोन डिस्चार्ज कार्डं, दोन्हींवर एकच वाक्य :
प्रकृती समाधानकारक.
जंतूला कार्ड लागत नाही,
तो तसाच आला, स्ट्रेचरवर, त्यांच्यासोबत.
मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारा."
बुधवारी चौदा नंबरची चादर बदलली.

त्याच दुपारी डॉक्टर नफीसा मुकादम
माझ्या टेबलावरचा फोन ओढून बोलल्या मुलुंडशी :
"आमच्याकडे निघालाय. तुमच्याकडे?"
पलीकडे फक्त पंखा ऐकू येत होता.
हा आकडा कोण कुणाला सांगतं?
झाकली मूठ सव्वा लाखाची.
(पण मुठीतच तर वाढतो तो,
बोटांच्या बेचक्यात, अंगठीखाली.)
मग पलीकडून एक खाकरणं, आणि :
"सात. या महिन्यात सात."

पुढच्या गुरुवारी शीव बोललं, भायखळा बोललं,
आणि दारात कडक सलाम ठोकणारा रखवालदार असलेलं
ते समुद्राकडचं बडं रुग्णालयही,
अगदी हळू आवाजात.

आता पेशंट हलला की फाइलीवर पिवळी चिठ्ठी :
याच्यासोबत कोण येतंय ते त्यावर लिहिलेलं.
वसईची सिस्टर फिलोमिना डाबरे
पाच रुग्णालयांत फिरते, मोठ्या सर्जनसमोर उभी राहते,
म्हणते, "डॉक्टर, हात."
बाकी काही म्हणत नाही.
एकाने तक्रार केली. दुसऱ्याने, दोन महिन्यांनी, अंगठी काढली.
आमच्या यल्लप्पाने भर बैठकीत सांगितलं
की आयसीयूची बादली तीच जनरलला जाते,
कायमच जात होती,
आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं.
सगळे आपापल्या चहाकडे बघत राहिले.

आणि शेवटचं औषध रात्री अकराला मागणाऱ्या पोराला
मुकादम बाई म्हणतात,
"आज्जी स्थिर आहेत ना? मग सकाळपर्यंत थांब. प्लेट बोलू दे."
हे थांबणं फार अवघड असतं.
कधी कधी त्या स्वतःही थांबत नाहीत.

अजूनही सहा येतात.
पण परवा मुलुंडहून एकजण आला, चिठ्ठीसकट,
वेगळ्या खोलीत गेला,
आणि त्या मजल्यावरचे बाकीचे नमुने
मी ओळीने लिहीत गेलो :
वाढ नाही. वाढ नाही. वाढ नाही.
काल एका बाळंतिणीच्या बशीत मेरोपेनेमभोवती चोवीस.
मी पट्टी दोनदा लावली.

सुगंधाबाईंचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आहे.
आला कुठून, ते आता सांगता येईल :
कुठला मजला, कुठली खाट, कुठला आठवडा.
मी फोन उचलतो, चौथ्या आकड्यावर थांबतो.
उठतो,
हात धुतो,
परत येऊन बसतो.